शेखावटीच्या हवेल्यांचे फोटो: आधी अख्खी भिंत, मग त्यातली आगगाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून राजस्थानातल्या शेखावटीला जायचंय, हातात मिररलेस कॅमेरा आणि १८-५५, ५५-२०० अशा दोन लेन्स, दिवस तीन, नेटवरचे सगळे फोटो एकसारखे दिसतात, तर तिथल्या पडायला आलेल्या रंगीत हवेल्यांचे जरा वेगळे फोटो कसे काढायचे आणि त्यासाठी नवीन वाइड लेन्स घ्यावी का.

लेन्स घेऊ नका, त्या पैशात चांगला ट्रायपॉड घ्या. मी बरीच वर्षं त्या गावांमध्ये भिंतींचेच फोटो काढत आलोय आणि चांगल्या-वाईट फोटोतला फरक लेन्सने कमी पडतो, ट्रायपॉडने, वेळेने आणि चौकीदाराशी नीट बोलण्याने जास्त पडतो.

आता फोटो एकसारखे का दिसतात ते आधी बघू, कारण उत्तर तिथेच आहे. जो जातो तो शेखावटीतल्या मंडावा गावाच्या गल्लीत शिरतो, भिंतीवर आगगाडी दिसली, विमान दिसलं, ग्रामोफोन ऐकणारा साहेब दिसला की झूम करून तेवढाच चौकोन घेतो, मग एक पोपडे आलेला दरवाजा, दारात पगडीवाले आजोबा, झालं. प्रत्येकाकडे तेच तुकडे. आणि त्या तुकड्यावरून कळत नाही की हे चित्र कुठल्या गावातल्या कुठल्या घरावर, दाराच्या डावीकडे की उजवीकडे, किती उंचीवर, आणि त्याच्या शेजारी काय होतं. खरं तर ती आगगाडी बहुतेक वेळा छज्जाखाली, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपरासारख्या कडेखाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असते, दारावर गणपती बसलेला असतो, आजूबाजूला कृष्णलीला, राजस्थानी लोककथेतलं प्रेमी जोडपं ढोला-मारू उंटावर, आणि मधेच एखादा टोपीवाला इंग्रज. त्या शेठजींनी आणि त्या चितेऱ्याने हे सगळं एका भिंतीवर मांडलं, त्यातून आगगाडी कापून काढली की चित्र सुंदर राहतं पण भिंत गेली. आणि या भिंती खरोखरच जातायत, माझ्या हार्ड डिस्कवर अशा भिंतींचे फोटो आहेत जिथे आता दुकानांचे गाळे उभे आहेत. म्हणून माझा एकच आग्रह असतो, आधी अख्खी भिंत समोरून, सरळ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, खालच्या सिमेंटसकट आणि वरच्या वायरींसकट, आणि मग मन भरेपर्यंत तुकडे.

थोडी पार्श्वभूमी लागेल कारण ती माहीत असली की कुठे उभं राहायचं ते कळतं. शेखावटी म्हणजे मुख्यतः झुंझुनू आणि सीकर जिल्हे, आणि चुरू जिल्ह्याचा शेजारचा भाग. गुजरातची बंदरं आणि दिल्लीकडचा मुलूख यांच्यातले उंटांचे काफिले इथून जायचे, इथल्या ठाकुरांनी जकात कमी ठेवल्यामुळे व्यापारी इथे वसले. कराचं महत्त्व किती तर चुरूच्या ठाकुराशी जकातीवरून बिनसलं म्हणून पोद्दार मंडळी उठून निघाली आणि १७९१ मध्ये त्यांनी जवळच रामगढ वसवलं, आणि चुरूपेक्षा भारी करून दाखवायचं म्हणून इतक्या हवेल्या, छत्र्या (म्हणजे घुमटाच्या समाध्या) आणि मंदिरं बांधली की आजही मला भिंतींसाठी सगळ्यात श्रीमंत गाव रामगढच वाटतं. पुढे इंग्रजांची बंदरं आणि रेल्वे आली, काफिल्यांचा व्यापार बसला, आणि ही घराणी कलकत्ता, मुंबई अशी पसरली. पुरुष तिकडे, बायकामुलं गावात, आणि पैसा मनीऑर्डरसारखा गावाकडे येऊन त्याच्या हवेल्या झाल्या. ढोबळमानाने १८३० ते १९३० हा या रंगकामाचा भराचा काळ. मग हळूहळू कुटुंबंही शहरात गेली आणि घरात चौकीदार उरला. आपल्याकडे याच्या खुणा रोजच्या आहेत, माटुंग्याच्या रुइया कॉलेजचं नाव ज्या घराण्याचं ते रामगढचं, पोद्दार नवलगढचे, आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्मले ते सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. हे मी उगाच सांगत नाहीये, याचा परवानगीसाठी उपयोग होतो, पुढे येतो त्याच्यावर.

घराचा प्लॅन मराठी माणसाला पटकन कळतो, आपल्या वाड्यासारखे चौक असतात. मोठा दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे उंच ओटे, आत पहिला चौक पुरुषांचा, त्याला लागून बैठक, जिथे गादी टाकून शेठजी वही-खातं बघायचे, मग आडवी भिंत किंवा वळण आणि पलीकडे बायकांचा चौक, बाजूला जनावरांचा नोहरा. सगळ्यात दिखाऊ चित्रं बाहेरच्या भिंतीवर आणि पहिल्या चौकात, सगळ्यात नाजूक काम बैठकीत, आणि आतल्या चौकात बऱ्याचदा साधी पण मला फार आवडणारी चित्रं. ट्रायपॉड घेऊन थेट आतल्या चौकात शिरायचं नाही, तिथे आजही लोक राहतात.

आता प्रकाश. इथे सगळे सूर्योदय-सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडाच्या मागे लागतात आणि भिंतीच्या चित्रांसाठी तोच उजेड मला सगळ्यात कमी कामाचा वाटतो. संध्याकाळचं पिवळं ऊन गेरूच्या लाल रंगावर पडलं की तो लाल कॅमेऱ्यात फुटतो, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, सगळा मिळून बरोबर दिसतो पण त्यातला लाल रंगाचा भाग उजव्या कडेला जाऊन आपटलेला असतो, आणि एकदा त्यातलं डीटेल गेलं की गेलं. म्हणून हिस्टोग्राम लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवायला लावा आणि लालवर नजर ठेवून एक्स्पोजर कमी करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीचं तोंड कुठे आहे. मोबाइलमध्ये कंपास आहे, गावात शिरल्या शिरल्या प्रत्येक हवेलीची दिशा वहीत लिहा. लक्ष्मणगढसारखी गावं जयपूरच्या धर्तीवर चौकटीत आखलेली आहेत, तिथे तर हे फारच सोपं जातं. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिसेंबरात थेट ऊन येतच नाही, दिवसभर सारखा मऊ उजेड मिळतो, आणि ऊन-तापाचा मार कमी बसल्यामुळे तिथले रंगही जास्त शाबूत सापडतात. ती भिंत दुपारी बाराला काढली तरी चालते, त्यामुळे दुपार उत्तरेच्या भिंतींसाठी राखून ठेवा. दक्षिणेच्या भिंतीची गंमत अशी की त्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ३८-३९ अंशांवरच असतो, म्हणजे ऊन तिरकं आत घुसतं आणि छज्जाची सावली भिंतीवर थोडीच उतरते, पण त्याखालच्या टोड्यांच्या, म्हणजे दगडी किंवा चुन्याच्या ब्रॅकेटच्या, काळ्या पट्ट्या चित्रांवर आडव्यातिडव्या येतात. त्या पट्ट्या नुसत्या आर्किटेक्चरच्या फोटोत छान दिसतात, चित्र वाचायचं असेल तर नाही. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना मी उन्हात हात लावत नाही. भिंतीवरून ऊन उतरलं की पुढची वीस-तीस मिनिटं समोरच्या घरावर ऊन असतं, तेच मोठ्या रिफ्लेक्टरचं काम करतं आणि गल्ली आतून उजळते. ती वेळ पकडायची. फक्त समोरची भिंत पिवळी किंवा गुलाबी रंगवलेली असेल तर तोच रंग तुमच्या चित्रावर चढतो आणि डोळ्याला कळतही नाही, म्हणून प्रत्येक भिंतीसमोर एक फ्रेम ग्रे कार्ड धरून घ्या, म्हणजे रंग नंतर जुळवायला लागणारं करड्या रंगाचं कार्ड. शंभर-दोनशे रुपयांचं कार्ड आहे पण घरी आल्यावर तासन्‌तास वाचवतं.

टोड्यांच्या मधले छोटे चौकोन नीट बघा. वरती सावलीत, पावसापासून लांब, माणसाचा हात न पोचणारे, त्यामुळे अख्खी भिंत उडाली तरी तिथे मोर, हत्ती, घोडेस्वार, कधी एखादी सायकल ताजी असल्यासारखी उरलेली असते. तुमची ५५-२०० इथेच कामाला येणार.

गल्ली दहा-बारा फुटांची आणि भिंत तीस फूट उंच, मग अख्खी भिंत येणार कशी हा पुढचा प्रश्न, आणि त्यासाठीच लोकांना वाइड लेन्स हवी असते. वाइड लेन्स वर करून काढलं की भिंत मागे झुकते आणि सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना वरची चित्रं लांबट होतात, कृष्णाची मान ताणली जाते. त्यापेक्षा दोन उपाय. पहिला, समोरच्या घरात विनंती करून त्यांच्या पहिल्या मजल्यावर किंवा गच्चीवर जा, तिथून कॅमेरा सरळ धरता येतो आणि भिंत मोजून-मापून चौकोनी येते. दुसरा, तुकड्यांनी काढायचं, पण एका जागी उभं राहून मान फिरवायची नाही. भिंतीला समांतर दोन-दोन पावलं सरकत जायचं, अंतर तेच, कॅमेरा लेव्हलला, फोकल लेंग्थ (म्हणजे झूम) तीच, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) मॅन्युअलवर लॉक, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर निदान अर्धी चढली पाहिजे. नंतर हे सगळं जोडता येतं. जोड सपाट भागावर येऊ द्या, टोडे आणि खिडक्या भिंतीच्या पुढे आलेल्या असतात, जोड तिथे आला तर दुप्पट दिसतात. तुमच्या १८-५५ वर २४ च्या आसपास, एफ/८, आयएसओ १०० किंवा २००, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढ्यात उत्तम काम होतं.

चौकात उलटी अडचण असते, मधे डोळे दिपवणारा उजेड आणि ओसरीत अंधार. ऊन चौकात उतरायच्या आधी जा, वरून नुसतं आकाश असतं तेव्हा. डिसेंबरअखेर तिकडे सकाळी चांगलं धुकं पडतं, कधी नऊ-दहापर्यंत राहतं, बाकीचे लोक वैतागून हॉटेलात बसतात पण चौकात काम करायला त्याहून चांगला उजेड नाही. तरी फरक जास्त वाटला तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) तीन फ्रेम घ्या आणि नंतर हलक्या हाताने मिसळा, सावली सावलीच राहू द्या.

बैठकीत फ्लॅश नको. आतल्या भिंतीला घोटलेला चुना असतो, आरसाकाम असतं, फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग आणि बाकी अंधार. ट्रायपॉडवर दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर द्या, घरातले बल्ब-ट्यूब बंद करायला सांगा म्हणजे रंग मिसळणार नाहीत, आणि खिडकीच्या झडपा एक-एक उघडून-मिटून बघा, कॅमेऱ्यामागची मिटली की भिंतीवरची चमक बऱ्याचदा जाते. छतासाठी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवायचा, फरशीच्या रेघांवरून मध्य साधायचा, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हायचं. महनसरला पोद्दारांची सोने-चांदी की दुकान म्हणून जी खोली आहे, तिच्या कमानदार छतावर राम-कृष्णाच्या कथा सोन्याच्या वर्खात आहेत, तिथे हीच पद्धत, आणि एक्स्पोजर सोन्याच्या सगळ्यात चमकदार भागावर ठेवायचं, बाकी अंधार नंतर उचलता येतो, जळलेलं सोनं परत येत नाही.

आता भिंत समजून घ्या, मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय. बाहेरचं जुनं काम ओल्या चुन्यावर केलेलं आहे. चुन्याच्या गिलाव्याचे थर, शेवटचा थर अगदी बारीक, तो ओला असतानाच रंग भरायचे, थापीने ठोकायचे, मग अकीकाच्या दगडाने घोटायचं आणि खोबरेल तेलाने चमक आणायची. रंग चुन्यातच मुरतो, म्हणून दीडशे-दोनशे वर्षांच्या उन्हात टिकला. हे करणारे चेजारे, बरेचसे कुंभार समाजातले, बांधायचेही तेच आणि रंगवायचेही तेच. आतल्या खोल्यांत मात्र बरंच काम कोरड्या चुन्यावर डिंकासारख्या चिकट माध्यमात रंग कालवून केलेलं आहे, ते बारीक आणि देखणं असतं पण पाण्याला अजिबात टिकत नाही. त्यामुळे छत गळायला लागलं की बाहेरचं शाबूत आणि आतलं वाहून गेलेलं, असं उलटं चित्र दिसतं.

रंगांवरून काळाचा अंदाजही येतो. जुन्या कामात गेरू-हिरमिजीचा लाल, पिवळी माती, काजळ, नीळ, मातकट हिरवा, असे मातीतले रंग. नवलगढजवळ परसरामपुऱ्याला ठाकूर शार्दूलसिंहांची छत्री आहे, १८व्या शतकाच्या मध्यातली, तिचा घुमट आतून बघा म्हणजे ही जुनी रंगसंगती डोळ्यात बसेल. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून कारखान्यातले रंग यायला लागले आणि भिंतींवर एकदम झगझगीत निळा आणि भडक लाल आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर देव-देवता छापील चित्रांसारख्या दिसायला लागतात, छटा-सावल्या देऊन काढलेल्या. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तशी छापील चित्रं देशभर घरोघरी पोचली होती, त्यांचा हात या भिंतींवर स्पष्ट दिसतो. हे सगळं फोटोत टिकवायचं असेल तर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनचा स्लायडर ओढू नका. ओढला की जुनी नीळ आणि कारखान्यातला निळा दोन्ही एकच दिसतात आणि शंभर वर्षांचा फरक एका झटक्यात पुसला जातो. ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स, थोडा कॉन्ट्रास्ट, बास.

ऱ्हास कशाने होतोय ते कळलं की त्याचे फोटोही नीट येतात. पूर्वी पाणी खोल विहिरीतून आणि पावसाच्या कुंडांतून डोक्यावर घरी यायचं, जपून वापरलं जायचं, घराचा पाया कोरडा राहायचा. मग नळ आले, पण सांडपाण्याची सोय तशी आली नाही, गटारं उघडी, गल्लीत पाणी तुंबतं, तिथलं पाणी आणि माती दोन्ही खारट, आणि चुन्याची भिंत ते खालून शोषून घेते. पाणी उडून जातं, मीठ भिंतीतच राहतं, पृष्ठभागामागे त्याचे स्फटिक फुगतात आणि रंगासकट गिलावा बाहेर ढकलतात. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तेच. म्हणून बहुतेक भिंतींचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा गेलेला असतो. त्यावर उपाय म्हणून घरमालक सिमेंट थापतो, सिमेंटमधून ओल बाहेर पडू शकत नाही, ती मग अजून वर चढते आणि वरची चित्रंही खायला लागते. हा सिमेंटचा पट्टा, त्यावरची पांढरी मिठाची रेघ आणि वर उरलेलं चित्र, हे तिन्ही एका फ्रेममध्ये घेतलंत तर तो फोटो शंभर सुंदर तुकड्यांपेक्षा जास्त सांगतो. पोपडे दाखवायचे असतील तर ऊन भिंतीला जवळजवळ चाटून जात असताना काढा, किंवा छोटा एलईडी दिवा बाजूने तिरका धरा, फुगवटे आणि चितेऱ्याने ओल्या चुन्यात ओरखडलेल्या रेषाही उठून दिसतात.

आणि एक हात जोडून विनंती. कोणी भिंतीवर पाणी मारून रंग खुलवून दाखवतो म्हणाला तर त्याला थांबवा. ओल्या भिंतीवर रंग क्षणभर उजळतात हे खरं, पण तेच पाणी मीठ विरघळवून पुढच्या पोपड्याची तयारी करतं, आणि आतलं कोरडं काम असेल तर रंग थेट तुमच्या डोळ्यांसमोर निघून येतो. ओल्या फडक्याने धूळ पुसणंही नको, बोटानेही नको. धूळ असेल तर धुळीसकट फोटो काढा.

परवानगीबद्दल. बहुतेक हवेल्या खाजगी मालमत्ता आहेत, सरकारी स्मारकं नाहीत. एका हवेलीचे वारस तीस-चाळीसही असू शकतात, वेगवेगळ्या शहरांत, आपसात कोर्टकचेऱ्या चालू, त्यामुळे कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी माणूस म्हणजे दुसऱ्या भावकीने पाठवलेला, नाहीतर जमिनीचा दलाल, नाहीतर जुने दरवाजे विकत घेणारा, अशी चौकीदाराची रास्त शंका असते. ती आधी दूर करा. कॅमेरा बॅगेत, "राम राम सा" म्हणा, बसा, चहा आला तर घ्या, कुठून आलात आणि फोटोचं काय करणार ते सरळ सांगा, आधी काढलेले फोटो मोबाइलवर दाखवा. मग तोच माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे होतो आणि कुठल्या खोलीत कधी उजेड येतो तेही सांगतो, त्याच्याइतकं ते घर कोणालाच माहीत नसतं. जाताना पैसे द्या, नीट द्या, त्यांचा पगार फार नसतो. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत, आतला चौक सोडून द्या म्हणाले तर सोडून द्या. मघाशी म्हटलं तसं, मालक मुंबईत किंवा कलकत्त्यात असतात, तर एखादी हवेली मनापासून हवी असेल तर निघायच्या आधी ओळखीपाळखीतून मालकांपर्यंत पोचा, त्यांचा चौकीदाराला गेलेला एक फोन बंद दारं उघडतो. आणि भिंत पडलीय म्हणून मोडक्या बाजूने आत शिरणं तर कधीच नाही.

आत गेल्यावर जिवाची काळजी घ्या. दगडी पट्ट्यांवर चुना टाकलेली छतं असतात, एक पट्टी तडकली की वरचा माणूस खाली येतो. गच्चीवर आणि वरच्या मजल्यावर चौकीदार जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा, खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या कडेने चाला, झाडं उगवलेल्या गच्चीवर जाऊच नका. बंद खोल्यांत वटवाघळं आणि कबुतरांची विष्ठा साचलेली असते, मास्क लावा, टॉर्च ठेवा. रेती बारीक असते, लेन्स गल्लीत बदलू नका. सकाळची थंडी पाण्याचा बर्फ व्हायच्या जवळपास जाते, बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, आणि बाहेरून गरम खोलीत आल्यावर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

तीन दिवसांत सगळी शेखावटी होणार नाही, आणि करूही नका. जयपूरहून नवलगढ साधारण १४० किलोमीटर, तिथे मुक्काम टाका. पहिल्या सकाळी डॉ. रामनाथ पोद्दार हवेली म्युझियम बघा, १९०२ ची हवेली, जीर्णोद्धार झालेली, म्हणजे सगळे रंग जागेवर असताना घर कसं दिसायचं ते कळतं. मोरारका हवेलीही त्याच गावात आहे. मग दुपारपासून गावातल्या न सावरलेल्या भिंती. दुसरा दिवस अख्खा रामगढला द्या, छत्र्या, शनी मंदिराचं आतलं आरसाकाम, आणि बाजारामागच्या गल्ल्या, जिथे फार कोणी जात नाही. तिसऱ्या दिवशी फतेहपूर, नंदलाल देवडांची १८०२ ची हवेली नादिन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने १९९८ मध्ये घेऊन सावरली, तिच्या आसपासच्या गल्ल्यांत पाणी तुंबून शेजारची घरं कशी खचतायत तेही दिसतं, आणि मला तो शेजार त्या सावरलेल्या हवेलीइतकाच महत्त्वाचा वाटतो. परतताना लक्ष्मणगढच्या किल्ल्याच्या चढावरून गणेडीवालांची चार चौकांची हवेली वरून बघता येते, चारही चौक एका नजरेत, घराचा नकाशा दाखवणारा फोटो तिथूनच काढा. मंडावा सुंदर आहे पण गर्दीचं आहे, वेळ उरला तरच.

फोटोखाली काय लिहायचं हेही काढण्याइतकंच महत्त्वाचं. गाव, हवेलीचं लोक म्हणतात ते नाव, भिंतीची दिशा, तारीख, चित्र मूळचं आहे की नंतर पुन्हा रंगवलंय. जागेवरच मोबाइलमध्ये बोलून ठेवा, रात्री हॉटेलवर उतरवा, घरी येऊन आठवणार नाही कारण तिसऱ्या दिवशी सगळे दरवाजे डोक्यात एक होतात. शक्य असेल तर कुठे उभं राहून काढला तेही लिहा, म्हणजे पाच वर्षांनी तुम्ही किंवा दुसरं कोणी तिथेच उभं राहून तीच भिंत पुन्हा काढू शकेल. मी आता बऱ्याच भिंतींचं हेच करतो, आणि पाच वर्षांत ओल किती वर चढली ते अशा जोडफोटोंत विटा मोजून सांगता येतं.

फक्त एक पथ्य, रिकाम्या, बिनचौकीदाराच्या हवेलीचं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. कोरीव दरवाजे, चौकटी, खिडक्या उखडून विकणारे लोक आहेत आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईकही आहे. पोस्ट करताना फोटोतला जीपीएस काढा, गावापर्यंत सांगा, गल्लीपर्यंत नको. ज्या घराने आत घेतलं त्यांना मात्र अख्ख्या भिंतीचा मोठा प्रिंट पाठवा, चौकीदाराला एक आणि मालकांना एक. मालक अनेकदा स्वतः बऱ्याच वर्षांत तिकडे गेलेले नसतात, नातवंडांनी तर घर बघितलेलंही नसतं, आणि त्या प्रिंटवरून कोणीतरी फोन करून विचारतं की छत गळतंय का, दुरुस्तीला काय लागेल. तसा फोन आला तर त्यांना सांगा की आधी गच्चीचं पाणी बाहेर काढा, सिमेंट लावू नका, चुन्याचं काम येणारा कारागीर बघा, तसे कारागीर त्या भागात अजून आहेत.